एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल: काय मिळतं, कुठे कमी पडतं, कशाने बिघडतं

गाडीच्या माहितीपत्रकात एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (ॲक्सिलरेटर दाबल्यावर चाकं भिरभिरू न देणारी) या दोन नोंदी एकाखाली एक असतात. समोर बरोबरची खूण दिसली की बहुतेकांची नजर थेट टचस्क्रीनच्या इंचांकडे जाते. हे परीक्षण त्या दोन नोंदींचं आहे. निकाल आधीच सांगतो. एबीएसला नि:संकोच पसंती, पण ते घेताना अपेक्षा योग्य हवी: त्याचं मुख्य काम जोरात ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येऊ देणं हे आहे. थांबण्याचं अंतर कमी झालं तर तो वरकड फायदा. ट्रॅक्शन कंट्रोल उपयोगी आहे, पण ते कधी बंद करायचं हे माहीत असलेल्यालाच त्याचा पूर्ण लाभ होतो. आणि एकाच मॉडेलमध्ये या दोन्हींच्या पुढची पायरी, म्हणजे ईएससी (गाडी घसरू लागली तर तिला रेषेत आणणारी यंत्रणा), मिळत असेल तर बाकीची चैन कमी करून ती घ्यावी.

घसरणीचं गणित

ब्रेक दाबल्यावर टायर रस्त्यावर नुसता फिरत नाही, थोडा घसरतोही. गाडी ताशी १०० किमी वेगाने पुढे जात असताना चाकाचा परीघ ताशी ८५ किमीच्या हिशोबाने फिरत असेल, तर घसरण १५ टक्के झाली. चाक पूर्ण लॉक झालं, म्हणजे फिरायचंच थांबलं, तर १०० टक्के. सुक्या डांबरावर ब्रेकला सर्वांत जास्त पकड साधारण १० ते २० टक्के घसरणीच्या दरम्यान मिळते. त्यापुढे ती उतरू लागते. त्याहून वाईट म्हणजे बाजूची पकड, जिच्या जोरावर गाडी वळते, ती फार झपाट्याने नाहीशी होते. पुढची चाकं लॉक झाली की स्टिअरिंग कुठेही फिरवा, गाडी आधीच्याच रेषेत सरकत राहते. मागची आधी लॉक झाली तर गाडी गिरकी घेते.

एबीएसचं सगळं काम या एका टप्प्याभोवती चालतं. चाक त्या पट्ट्यात ठेवायचं, त्याच्या पलीकडे जाऊ द्यायचं नाही. हे बोलायला सोपं आहे, पण एक अडचण आहे: गाडीचा खरा वेग मोजायला कंट्रोलरकडे, म्हणजे एबीएसच्या छोट्या संगणकाकडे, स्वतंत्र साधन नसतं. त्याला फक्त चार चाकांचे वेग कळतात, आणि ब्रेक दाबल्यावर चारही चाकं कमीजास्त घसरत असतात. म्हणून तो अंदाज बांधतो. चांगल्या रस्त्यावर चांगल्या टायरची गाडी फार तर एका सेकंदात ताशी ३५ किमीच्या आसपास वेग गमावू शकते. एखादं चाक त्याच्या कितीतरी पट वेगाने मंदावू लागलं, तर गाडी तशी मंदावलेली असणं शक्य नाही, म्हणजे ते चाक लॉक होण्याच्या वाटेवर आहे. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत चाकं एकमेकांना जोडलेली असल्याने हा अंदाज अवघड होतो. म्हणून तिथे मंदावण्याचा वेग थेट मोजणारा सेन्सरही बसवतात.

डब्यात काय असतं

बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. त्या पहिल्या संचाचं वजन सहा किलोच्या वर होतं. आजचं युनिट दोन किलोच्या आत बसतं, पण आतली रचना ओळखता येईल इतकी तीच आहे.

प्रत्येक चाकापाशी एक वेग सेन्सर. इंजिनखान्यात अॅल्युमिनियमचा एक ठोकळा, ज्यात मास्टर सिलेंडरकडून (पेडलचा जोर ब्रेक ऑइलला देणारा भाग) दोन नळ्या येतात आणि चाकांकडे चार जातात. त्याच्या एका बाजूला पंपाची मोटर, दुसऱ्या बाजूला कंट्रोलर. चार चॅनेलच्या, म्हणजे प्रत्येक चाकाचा दाब वेगळा सांभाळणाऱ्या, साध्या एबीएसमध्ये ठोकळ्यात विजेने उघड-बंद होणारे आठ सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतात, प्रत्येक चाकाला दोन. येणारा व्हॉल्व्ह वीज नसताना उघडा असतो, सोडणारा व्हॉल्व्ह वीज नसताना बंद असतो. ही मांडणी मुद्दाम केलेली आहे. वीज गेली, फ्यूज उडाला, कंट्रोलर मेला, तरी तेलाला मास्टर सिलेंडरपासून चाकापर्यंत सरळ वाट मोकळी असते. एबीएस बंद पडलं म्हणजे ब्रेक गेला असं होत नाही, आणि या यंत्रणेला चांगले गुण देण्यामागचं हे सर्वांत मोठं कारण आहे.

चाक लॉक होऊ लागलं की आधी येणारा व्हॉल्व्ह बंद होतो. पाय कितीही जोरात दाबा, त्या चाकाचा दाब आहे तिथेच थांबतो. तरी चाक मंदावत राहिलं तर सोडणारा व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो आणि तेल एका छोट्या साठवण कप्प्यात जातं. पंप ते तेल उचलून परत मास्टर सिलेंडरच्या बाजूला ढकलतो. चाकाने पुन्हा वेग पकडला की येणारा व्हॉल्व्ह छोट्या छोट्या टप्प्यांनी उघडत दाब चढवला जातो. धरा, सोडा, चढवा, ही फेरी सेकंदाला अनेक वेळा चालते. पेडलला जाणवणारी थरथर आणि बॉनेटखालून येणारा घरघर आवाज याच फेऱ्यांचा असतो. तो बिघाड नव्हे.

या थरथरीला घाबरून पाय सैल करणं ही या यंत्रणेच्या वापरातली सर्वांत महागडी चूक. पाय सैल झाला की दाब लॉक होण्याच्या मर्यादेखाली जातो, एबीएस थांबतं आणि गाडी लांब जाते. जुन्या पद्धतीने पेडल हापसत राहणं तर आणखी वाईट. पद्धत एवढीच: पेडल एकदम, पूर्ण ताकदीने दाबायचं, मॅन्युअल गिअर असेल तर क्लचही दाबायचा, गाडी थांबेपर्यंत पाय तसाच ठेवायचा, आणि नजर व स्टिअरिंग मोकळ्या जागेकडे. स्टिअरिंग फार वेडंवाकडं फिरवू नये. पुढची चाकं जेवढी वळवाल तेवढी ब्रेकसाठी पकड कमी उरते, कारण टायरकडे एकूण पकड ठरावीकच असते.

रस्त्यावरची कामगिरी

अपेक्षा जमिनीवर आणायला आकडे बरे पडतात. ताशी १०० किमीवरून थांबताना, सुक्या डांबरावर घर्षणांक (टायर आणि रस्त्यामधल्या पकडीचा आकडा) ०.९ धरला तर ब्रेक लागल्यापासून सुमारे ४४ मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर तो ०.५ झाला तर सुमारे ७९ मीटर. बर्फाच्या काचेसारख्या थरावर, ०.१ धरून, जवळपास ३९० मीटर. एबीएस यातला एकही घर्षणांक बदलत नाही. टायर आणि रस्ता मिळून जी पकड देतात, तिच्या कमाल टोकाजवळ ते चाक ठेवतं, इतकंच. गुळगुळीत झालेल्या टायरवर सर्वांत महागडं एबीएससुद्धा गुळगुळीत टायरइतकंच थांबवतं. हा चेष्टेचा विषय नाही, कारण टायर बदलायला टाळाटाळ करणाऱ्यांचं आवडतं उत्तर 'गाडीला एबीएस आहे' हेच असतं.

सुक्या, सपाट डांबरावर लॉक चाकांच्या तुलनेत अंतरातला फायदा थोडाच. ओल्या रस्त्यावर तो स्पष्ट जाणवतो. सैल खडीवर आणि ताज्या, भुसभुशीत बर्फावर मात्र एबीएस हरतं. लॉक झालेलं चाक जमिनीत रुततं आणि पुढे खडीचा किंवा बर्फाचा बांध उभा करतं, तो बांध गाडी अडवतो. फिरतं चाक त्यावरून निघून जातं. अमेरिकेच्या एनएचटीएसए या वाहन सुरक्षा संस्थेच्या १९९९ मधल्या चाचण्यांत सैल खडीवर एबीएस असताना अंतर सरासरी सुमारे २७ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं होतं. कच्च्या रस्त्यावर नेहमी जाणाऱ्याने समोरच्या गाडीपासून नेहमीपेक्षा बरंच जास्त अंतर ठेवावं. काही एसयूव्हींमध्ये ऑफरोड मोड असतो, तो निवडल्यावर एबीएस कमी वेगात चाकाला जरा जास्त घसरू देतं. हा मोड शोभेचा नाही, त्याचा खराच उपयोग होतो.

दुसरी कसोटी अर्ध्या-अर्ध्या रस्त्याची. डावी चाकं ओल्या मातीवर, उजवी कोरड्या डांबरावर. प्रत्येक चाकाला त्याची कमाल पकड लगेच दिली, तर उजवी बाजू जोरात धरेल आणि गाडी उजवीकडे ओढली जाऊन फिरेल. म्हणून चांगल्या संचात मागच्या दोन्ही चाकांना कमी पकड असलेल्या चाकाएवढाच दाब दिला जातो, आणि पुढच्या जास्त पकड असलेल्या चाकाचा दाब हळूहळू चढवला जातो, म्हणजे चालकाला स्टिअरिंग सावरायला वेळ मिळतो. यात काही मीटर जाणूनबुजून गमावलेले असतात. आमच्या मते हा सौदा योग्यच आहे.

खड्ड्यांवर किंवा उंचसखल पट्ट्यांवर ब्रेक दाबला तर क्षणभर पेडल रिकामं गेल्यासारखं वाटतं. चाक उसळून रस्ता सोडतं, हवेत लगेच लॉक होऊ लागतं, कंट्रोलर दाब सोडतो, आणि चाक जमिनीवर परत येतं तेव्हा दाब कमी असतो. शॉक अॅब्जॉर्बर ढिले झालेले असतील तर चाक अधिक उसळतं आणि हा प्रकार वाढतो. ब्रेक 'कमी लागतो' म्हणून पॅड आणि डिस्क बदलून झाल्यावरही तक्रार राहिली, तर शॉक अॅब्जॉर्बर तपासायला हवेत. हे गॅरेजमध्ये सहसा सुचत नाही.

अपघातांच्या आकड्यांत एबीएसने सुरुवातीला वाटलं होतं तेवढी क्रांती केली नाही. १९८० च्या दशकात म्युनिकच्या टॅक्सींवर झालेल्या अभ्यासात एबीएस असलेल्या आणि नसलेल्या टॅक्सींच्या अपघातांच्या प्रमाणात फारसा फरक निघाला नाही. एबीएसवाले चालक अधिक धीटपणे चालवत होते. म्हणजे यंत्रणेने जे दिलं ते पायाने परत घेतलं.

ट्रॅक्शन कंट्रोल: तेच सामान, उलटं काम

ब्रेक दाबताना चाक गाडीपेक्षा हळू फिरतं. ॲक्सिलरेटर दाबताना, पकड अपुरी असेल तर, ते गाडीपेक्षा जोरात फिरतं. सेन्सर तेच, कंट्रोलर तोच. फक्त आता चालकाचा पाय ब्रेकवर नसताना दाब तयार करायचा असतो. त्यासाठी ठोकळ्यात आणखी व्हॉल्व्ह लागतात. ईएससीपर्यंतच्या संचात प्रत्येक सर्किटला दोन जास्तीचे, म्हणजे एकूण बारा व्हॉल्व्ह असतात. त्यांच्यामुळे पंप तेल थेट मास्टर सिलेंडरच्या बाजूने ओढून एखाद्याच चाकाला ब्रेक लावू शकतो.

ट्रॅक्शन कंट्रोल दोन वाटांनी काम करतं. एक, इंजिनचा जोर कमी करणं: थ्रॉटल मिटवणं, इग्निशन मागे घेणं (ठिणगी उशिरा पाडणं), गरज पडली तर इंधनाचे काही फवारे वगळणं. थ्रॉटलला प्रतिसाद यायला वेळ लागतो, इग्निशनला जवळजवळ नाही, म्हणून सुरुवातीचा झटका इग्निशनने आवरतात आणि पुढचं थ्रॉटल सांभाळतो. दोन, ब्रेक. इथेच या यंत्रणेची खरी गंमत आहे, आणि साध्या डिफरन्शिअलचा (इंजिनचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या गिअरसंचाचा) स्वभाव कळल्याशिवाय ती समजत नाही.

साधं डिफरन्शिअल दोन्ही चाकांना नेहमी सारखाच जोर देतं. एक चाक बर्फावर किंवा चिखलात आहे आणि ते फक्त ४०० न्यूटन पकड देऊ शकतं. दुसरं कोरड्या रस्त्यावर आहे आणि ३,००० न्यूटन पेलू शकतं. तरीही त्याला मिळतात ४०० च. एकूण ८०० न्यूटनवर गाडी हलत नाही, चिखलातलं चाक नुसतं भिरभिरतं. आता त्या भिरभिरणाऱ्या चाकाला १,००० न्यूटनच्या तोडीचा ब्रेक लावला. डिफरन्शिअलला वाटतं त्या बाजूला १,४०० चा विरोध आहे, म्हणून ते दुसऱ्या बाजूलाही १,४०० देतं. रस्त्यावर उपयोगी जोर झाला ४०० अधिक १,४००, म्हणजे १,८०० न्यूटन. ब्रेकने गाडी पुढे नेली.

किंमत मोजावी लागते ती उष्णतेत. ब्रेक लावलेल्या चाकाची सगळी ऊर्जा डिस्कमध्ये जाते. कंट्रोलर डिस्कच्या तापमानाचा हिशोब मनाशी मांडत असतो, आणि मर्यादा ओलांडली की ब्रेकचं काम थांबवून फक्त इंजिन आवरतो. चिखलाच्या लांब चढावर 'आत्तापर्यंत चढत होती, आता अचानक ढिम्म झाली' असा अनुभव येतो तो बहुधा यामुळे. अशा वेळी दहा-पंधरा मिनिटं थांबावं. खऱ्या लॉकिंग डिफरन्शिअलची बरोबरी हे करू शकत नाही, आणि ज्यांचं रोजचं काम चिखलात आहे त्यांनी 'इलेक्ट्रॉनिक डिफरन्शिअल लॉक' या भारदस्त नावाला भुलू नये. ते हेच आहे: ब्रेकने केलेली नक्कल.

बटण कधी दाबायचं? खोल वाळू, दाट बर्फ किंवा चिखलात गाडी रुतली असेल आणि पुढे-मागे झुलवून काढायची असेल, तेव्हा ट्रॅक्शन कंट्रोल बंद करावं. अशा जमिनीत चाकाला थोडं फिरू देणं गरजेचं असतं. ते फिरून चिखल झटकतं, खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतं. यंत्रणा मात्र प्रत्येक फिरणं म्हणजे चूक समजते आणि इंजिनचा गळा आवळते, मग ॲक्सिलरेटर तळाला टेकवूनही इंजिन निस्तेज. चाकांना साखळ्या लावल्या असतील तरी तेच. बाहेर पडलात की लगेच पुन्हा चालू करा. ओल्या डांबरावर, घाटात किंवा पावसात ते बंद ठेवण्यात कसलीही हुशारी नाही. बहुतेक गाड्यांत या बटणाने एबीएस बंद होत नाही. ईएससी किती बंद होतं हे मात्र मॉडेलनुसार बदलतं, त्यासाठी गाडीचं मॅन्युअल बघावं.

एक कमी बोललं जाणारं काम: निसरड्या रस्त्यावर एकदम खालचा गिअर टाकला किंवा ॲक्सिलरेटर झटकन सोडला, तर इंजिनच्या ओढीनेच चालती चाकं, म्हणजे इंजिनला जोडलेली चाकं, घसरू लागतात. चांगल्या संचात अशा वेळी कंट्रोलर उलट इंजिनचा जोर थोडा वाढवतो. चालकाला याचा पत्ताही लागत नाही.

ट्रॅक्शन कंट्रोल वळणाचा वेग आवरत नाही. वळणात जास्त वेगाने घुसलेली गाडी बाहेर सरकू लागली तर त्याला त्यातलं काही कळत नाही, त्याला फक्त चालत्या चाकांचं भिरभिरणं दिसतं. स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती फिरतेय याची तुलना ईएससी करतं, आणि योग्य त्या एका चाकाला ब्रेक लावून गाडी रेषेत आणतं. ते १९९५ मध्ये मर्सिडीज एस-क्लासमध्ये आलं. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल आधीच असलेल्या गाडीत त्यासाठी मुख्यतः स्टिअरिंगचा कोन, गाडीचं फिरणं, बाजूचा जोर आणि ब्रेकचा दाब मोजणारे सेन्सर वाढतात. म्हणूनच 'एबीएस आणि ट्रॅक्शन आहे, ईएससी नाही' हा मधला प्रकार आम्हाला अर्धवट वाटतो.

दिवे काय सांगतात

इग्निशन चालू केल्यावर पिवळा एबीएस दिवा लागतो आणि काही सेकंदांत विझतो. पहिल्यांदा गाडी वेग घेते तेव्हा, बहुधा ताशी १५ ते २० किमीच्या आसपास, पंप क्षणभर फिरवून तपासला जातो. तेव्हा येणारा छोटा 'घर्र' आवाज ठीक आहे.

चालताना एबीएसचा पिवळा दिवा कायम लागला तर एबीएस बंद, साधा ब्रेक चालू. गाडी नेता येते, पण जोरात ब्रेक दाबल्यास चाकं लॉक होतील हे ध्यानात ठेवून. पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला तर प्रकरण गंभीर. आजच्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब आवरणारा जुना यांत्रिक व्हॉल्व्ह नसतो, ते काम ईबीडी (पुढच्या-मागच्या ब्रेकचा दाब वाटून देणारी सोय) करतं, म्हणजे एबीएसचाच कंट्रोलर करतो. तोही गेला तर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते. नुसता लाल दिवा असेल तर आधी हँडब्रेक आणि ब्रेक ऑइलची पातळी बघावी. ऑइल कमी असेल किंवा पेडल खोल जात असेल तर गाडी हलवू नये.

ट्रॅक्शनचा दिवा लुकलुकला तर यंत्रणा काम करतेय, रस्ता निसरडा आहे. कायम पेटला तर ती बंद आहे: बटणामुळे किंवा बिघाडामुळे. या एका फरकावर कितीतरी लोक उगाच गॅरेज गाठतात, आणि काही लोक गाठायला हवं तेव्हा गाठत नाहीत.

बिघाड

ठोकळा क्वचित बिघडतो. बहुतेक तक्रारी चाकापाशी असतात, कारण सेन्सर, त्याची वायर आणि त्याच्यासमोर चाकाबरोबर फिरणारं कडं यांना पाणी, चिखल, उष्णता आणि सतत हलणं हे सगळं सोसावं लागतं. वायर शॉक अॅब्जॉर्बरजवळ जिथे वाकते तिथे आतून तुटते. वरचं आवरण शाबूत दिसतं, पण पुढचं चाक पूर्ण वळवलं की सिग्नल जातो. कनेक्टरमध्ये हिरवट गंज धरतो.

सेन्सर दोन जातींचे. जुना, निष्क्रिय: आत तारेचं वेटोळं आणि चुंबक, समोर दातेरी कडं. तो स्वतःच एसी व्होल्टेज तयार करतो आणि वेग वाढला की व्होल्टेज वाढतं. मल्टिमीटरवर त्याचा रोध साधारण ८०० ते २,००० ओहम दिसावा, आणि चारही चाकांची तुलना केली तर पुढच्या जोडीत आणि मागच्या जोडीत तो जवळपास सारखा असावा. सेन्सर आणि दात्यांमधलं अंतर १ मिमीच्या आसपास. या अंतराला फार महत्त्व आहे. बसण्याच्या जागेत गंज धरून सेन्सर अर्धा मिमी जरी वर उचलला गेला, तरी कमी वेगाचा, मुळातच क्षीण असलेला सिग्नल आधी बुडतो. कंट्रोलरला वाटतं चाक लॉक झालं. म्हणून गाडी अगदी थांबता थांबता, ताशी ८-१० किमीवर, सुक्या रस्त्यावर पेडल थरथरतं आणि गाडी दोन-तीन फूट पुढे सरकते. दिवा लागतोच असं नाही. उपाय: सेन्सर काढून बसण्याची जागा घासून साफ करणं, टोकाला चिकटलेला लोखंडाचा कीस पुसणं, आणि कड्याला चीर आहे का बघणं. ड्राइव्हशाफ्टवरचं कडं गंजून फुगतं किंवा एका जागी तडकतं, मग दर फेरीला एक खोटा ठोका येतो.

नवा, सक्रिय सेन्सर: याला कंट्रोलरकडून वीज मिळते आणि तो बहुधा ७ व १४ मिलिअँपिअर या दोन पातळ्यांवर चालू-बंद करत चौकोनी सिग्नल देतो. चाक रांगत असतानाही तो वाचतो. याचा रोध ओहममीटरने मोजू नये. त्यातून काही कळत नाही आणि आतलं सर्किट जाऊ शकतं. याचं कडं अनेकदा व्हील बेअरिंगच्या सीलमध्येच असतं: काळ्या रबरासारखं दिसणारं, पण आलटून-पालटून चुंबकीय ध्रुव असलेलं. बेअरिंग उलटं ठोकलं तर कडं सेन्सरच्या विरुद्ध बाजूला जातं, आणि नव्या कोऱ्या बेअरिंगनंतर दिवा लागतो. बसवण्याआधी कोणती बाजू चुंबकीय आहे ते चुंबक-दर्शक कार्डाने तपासायला अर्धं मिनिट लागतं. ते न केल्यास प्रेसचं सगळं काम पुन्हा, तेही नवीन बेअरिंग घेऊन.

शोधाचा क्रम असा असावा. आधी कंट्रोलरने साठवलेले बिघाडाचे कोड वाचा, पण एबीएस वाचणाऱ्या स्कॅनरने. गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायची स्वस्तातली साधी ओबीडी उपकरणं सहसा फक्त इंजिनचे, 'पी'ने सुरू होणारे कोड दाखवतात. एबीएसचे कोड 'सी'ने सुरू होतात, उदाहरणार्थ सी००३५ म्हणजे पुढचं डावं चाक. कोड चाक दाखवतो, सुटा भाग नव्हे, त्यामुळे लगेच सेन्सर मागवू नका. स्कॅनरवर चारही चाकांचे वेग एकत्र लावा, सरळ रस्त्यावर ताशी १० ते ३० किमीने चालवा. जे चाक उशिरा जागं होतं किंवा मध्येच शून्यावर जातं, ते तुमचं. मग वायर, कनेक्टर, कडं, बेअरिंगची ढिलाई, आणि शेवटी सेन्सर. चारही चाकं एकदम गायब असतील तर फ्यूज, अर्थिंग आणि बॅटरीचं व्होल्टेज बघा. एकच चाक सतत थोडं जास्त वेग दाखवत असेल तर टायरची हवा आणि साइज तपासा. घासलेल्या तिघांसोबत एक नवा टायर किंवा वेगळ्या साइजची स्टेपनी एवढ्यानेही कंट्रोलर गोंधळू शकतो.

ब्रेक ऑइलबाबत तडजोड नको. ते ओलावा शोषतं. डॉट ४ या दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, ओलावा मुरल्यावर किमान १५५. ओलावा ठोकळ्यातल्या बारीक व्हॉल्व्हना गंज चढवतो, आणि तो ठोकळा हा या संचाचा सर्वांत महाग भाग. दर दोन वर्षांनी बदलणं हा त्यावरचा स्वस्त विमा. सिलिकॉनचं डॉट ५ एबीएसमध्ये भरू नये. झपाट्याने उघडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये त्यात हवेचे बुडबुडे धरतात. डॉट ५.१ वेगळं आहे, ते डॉट ४ च्याच कुळातलं. झाकणावर डॉट ४ एलव्ही लिहिलं असेल तर तेच वापरा, कारण थंडीत दाट होणारं ऑइल पंपाला वेळेवर ओढता येत नाही.

ठोकळा बदलला किंवा त्यात हवा गेली, तर नुसत्या पेडलने ब्लीडिंग (ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं) पुरत नाही. सोडणारे व्हॉल्व्ह एरवी बंद असल्याने त्यांच्यामागच्या कप्प्यात हवा अडकून राहते, आणि पहिल्याच एबीएस ब्रेकिंगला ती सर्किटमध्ये येऊन पेडल मऊ पडतं. स्कॅनरने व्हॉल्व्ह आणि पंप चालवून, मग पुन्हा नेहमीचं ब्लीडिंग करावं. चाकांचा क्रम गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे. अलाइनमेंटनंतर ईएससीचा दिवा लागला तर स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्य नव्याने शिकवायचा राहून गेलाय असं समजा.

जुनी गाडी घेताना

रिकामी, ओली, सपाट जागा शोधा, मागे कोणी नाही याची खात्री करा, ताशी ४० किमीवरून पेडल पूर्ण दाबा. थरथर जाणवायला हवी, गाडी सरळ थांबायला हवी, ब्रेक चालू असतानाच थोडं वळवून बघता यायला हवं. चाकं लॉक होऊन सलग घसरत गेली तर एबीएस चालत नाही. मग इग्निशन बंद करून पुन्हा चालू करा आणि मीटरकडे बघा. एबीएसचा दिवा मुळीच लागत नसेल तर तो जळालेला किंवा मुद्दाम काढलेला असू शकतो. तो बॅटरीच्या किंवा ऑइल प्रेशरच्या दिव्याबरोबर, अगदी त्याच क्षणी विझत असेल, तर कोणीतरी त्याची वायर तिकडे जोडून बिघाड लपवला असण्याची दाट शंका घ्या. स्कॅनरला एबीएस कंट्रोलर उत्तरच देत नसेल, तर सौदा करताना संपूर्ण ठोकळ्याची किंमत वजा धरा.